काट्यावरची दहा कनेक्शनं

५ डिसेंबर, भालकी

उदगीरची बस वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचलीही. प्रवासवर्णनाची संधी हुकली. साखर कारखान्याच्या फाट्यावर उतरलो तर हवेत मळीचा आंबूस गोडवा. उसाच्या गाड्या तोलणाऱ्या काट्याचा वेब-प्रोग्रॅम दुपार झाली की थिजतो, तो सुधारायला मला बोलावले आहे. पाठशाळेत बारा वर्षे न्यायशास्त्र घोकलेला माणूस सर्व्हर दुरुस्त करतो, हे ऐकून काट्याचे प्रमुख बंडेप्पा हळहळले. निर्णा गावची दानेश्वरी बैलांची टायरगाडी स्वतः हाकते. व्यंकट हे माझे नाव तिने विचारलेच नाही, थेट पंडितअण्णा केले. एवढ्या जाड चष्म्यातून आमचा ऊस जरा जास्त भरतो का बघा, म्हणाली. खोली हवेशीर, भाकरी उत्तम. आनंद आहे.

६ डिसेंबर

रोग सापडला. डेटाबेसकडे जायला प्रोग्रॅमजवळ दहा कनेक्शनं आहेत. एकाने वापरून परत ठेवायचे, मग दुसऱ्याने घ्यायचे. इथे भरलेली गाडी तोलली की ती एक कनेक्शन धरते आणि ऊस टाकून रिकामी परतेपर्यंत सोडत नाही. रिकाम्या वजनाला पुन्हा नवे लागते. दहा गाड्या आत गेल्या की दहाही अडकली. बाहेर पडायला अकरावे कुठले? कनेक्शन सुटेल तर गाडी सुटेल, गाडी सुटेल तर कनेक्शन. शुद्ध अन्योन्याश्रय! माझे गुरुजी खूश झाले असते.

असे कामून लिहिले, विचारल्यावर बंडेप्पा गंभीर झाले. संगणक नव्हता तेव्हा कारकून गाडीवानाची चिठ्ठी मुठीत धरून बसायचा. गाडी बाहेर येईपर्यंत मूठ उघडायची न्हाई. एकदा उघडली, अन् गाडीवान कापला गेला म्हणे. म्हणून प्रोग्रॅमही तसाच करून घेतला. मी म्हणालो, सर्व्हरला मूठ नसते. ते हसले नाहीत.

७ डिसेंबर

सकाळी तोड काढली: तीस मिनिटांत न परतलेले कनेक्शन आपोआप तोडायचे. गाड्या भराभर सुटू लागल्या. दुपारी मल्लेश नावाच्या एका ऊसवाल्याचा ट्रॅक्टर आत पंक्चर झाला. तो फाटकाबाहेर माझ्या शेजारी चहा पीत बसला होता, पंडिताला पंक्चर काढता येते का विचारत होता. कप तोंडाकडे नेताना मनगट गळून पडले, कपासकट. मग कोपर. मग खांदा. उसाची कांडी करावीत तसे वीत-वीतभराचे तुकडे. शस्त्र नाही, हात लावणारे कोणी नाही. माझ्या बशीत रक्त.

प्रोग्रॅमची नोंद उघडली. मल्लेश, ३० मिनिटे, कनेक्शन तोडले.

८ डिसेंबर, सकाळी १०

रात्रीच तो नियम काढून जुना प्रोग्रॅम चढवला. ऊस वाळतो म्हणून काटा सुरूच.

१०.४०

पिराजी गाडीवान. आत, रांगेत अडकला होता. पायांपासून वर — बायका किंचाळत होत्या — तो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता, वेगळ्या पडलेल्या. पडद्यावर ३०. नियम मी काढला होता. काढला होता —

११.०५

सर्व्हर बंद केला. वायर उपटली. मिनिटे सरकतायतच. नव्या गाड्या अडवल्या, आतल्या एकेक तोलून बाहेर काढल्या; तोलली की तिचे नाव पडद्यावरून जाते. एक उरली. दानेश्वरीची. आस मोडलाय. १९.

११.१३

२७. आठ जण उचलतायत, हलत नाही. बंडेप्पांनी रिकामी मूठ आवळून धरलीय. तिला पळ म्हणणार होतो — पण मल्लेश बाहेरच तर होता. हे नावावर येते. ती ओरडतेय, पंडितअण्णा, लिहीत काय बसलाव, हात लावा की!

११.१५

२९. वायर नसलेल्या त्या पडद्यावर नाव तेवढे बदलता येते. दानेश्वरी खोडले. गाडीवान: व्यंकट. नियम माझाच —

गाडी हलली. चाकाला खांदा लावून ती हसतेय, मलाच बोलावतेय. काटा अजून चाळीस पावलं —

डावी करंगळी वहीवर पड— दुखत नाही — उजवा हात अजून