राखाडी कडं

सोमवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला लिहायला बसले की अजूनही आधी अक्षर नीट काढावंसं वाटतं. चूक झाली तर तू शेजारी बारीक खूण करशील, ही लहानपणची धास्ती काही जात नाही. बरी आहेस ना? गुडघा काय म्हणतो? जिने कमी चढ-उतर कर. वरच्या कप्प्यातली पुस्तकं मुलांना काढू दे.

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलेलं बघून चक्रावली असशील. घरी फोन केला की भावोजी लगेच म्हणतात, "स्पीकरवर टाक गं, मेहुणीबाईंचा आवाज आम्हालाही ऐकू दे." मग मी हवापाण्याचं बोलते आणि ठेवून देते. हे हवापाण्याचं नाही.

आईने ऑपरेशनला अचानक नाही म्हटल्याचं तू कळवलंस. "तुझ्याजवळ काही बोलली का?" असंही विचारलंस. आईच्या मनात कधी काय येईल, कोण सांगणार? जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजवर दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या तिने, पण बाबा म्हणायचे ना, तिचा स्वतःचा नंबर कायम एंगेज.

भावोजींच्या संशोधनाबद्दल तुला घरात ऐकून ठाऊक असेलच, पण माझ्या बाजूचं सांगते. आईला आहे तशा स्वादुपिंडाच्या गाठीला किमो दिल्यावर गाठ आकसते. शेजारच्या धमनीभोवती मात्र एक राखाडी कडं उरतं. ते मेलेल्या रोगाचा वण आहे की जिवंत रोग, हे साध्या स्कॅनवर कळत नाही. वण असेल तर धमनीवरून सोलून काढता येतो आणि माणूस वाचतो. जिवंत असेल तर पोट उघडून उपयोग नाही, उलट माणूस हातचा जायचा. भावोजी म्हणतात, नव्या पद्धतीच्या स्कॅनमध्ये हा फरक दिसतो. ते खरं की खोटं हे ठरवायला आम्ही दोघं स्कॅनचे वाचक आहोत: मी, आणि दुसऱ्या इस्पितळातला एक जण. ऑपरेशन होऊन गेलेल्या रोग्यांचे आधीचे स्कॅन आमच्यापुढे येतात. नाव नाही, वय नाही, पुढे काय झालं तेही नाही. एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे नक्की वण, पाच म्हणजे नक्की जिवंत. मग ऑपरेशनमध्ये निघालेल्या तुकड्याशी आमचे गुण ताडून बघतात.

मध्यंतरी असाच एक स्कॅन आला, आणि मला वाटलं, या बाईंना मी भेटलेय. चेहरा नसतो गं त्यात. पण यकृताला जिभेसारखं लोंबतं टोक, प्लीहेच्या शेजारी वाटाण्याएवढी दुसरी प्लीहा आणि एका मणक्याचा कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा. असं त्रिकूट दोन वेगवेगळ्या बायकांच्या अंगात कसं असेल? पोट तेच, क्रमांक नवा. तेव्हापासून डोळा ठेवून बसले, तर आणखी एक तसंच सापडलं.

तू म्हणशील, हिची खोडच आहे. लपाछपीत ज्याच्यावर राज्य त्याची बोटं फाकलेली तर नाहीत ना, हे मी जवळ जाऊन तपासायचे आणि त्यात पहिली पकडली जायचे. असू दे.

परवा आकडेशास्त्रींच्या खोलीवरून चालले होते. संशोधनाचं गणित सांभाळणारा तो उंच चष्मेवाला. सगळे त्याला त्याच नावाने हाक मारतात आणि तोही ओ देतो. आत भावोजी होते. म्हणत होते, "वाचणाऱ्यांना याचा वास लागता कामा नये." मी दारात दिसले तसे दोघेही गप्प. मग भावोजी उठून म्हणाले, "या या, मेहुणीबाई! चहा घेणार?" इतक्या वर्षांत कामाच्या जागी त्यांनी मला कधी चहा विचारलेला नाही.

घरी काही बोलले का तुझ्याजवळ? सहज विचारतेय.

आईला जेवणाबरोबरच्या गोळ्या विसरू देऊ नकोस. आणि हे पत्र पर्समध्ये ठेवू नकोस.

तुझी,
धाकटी


सोमवार, ११ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी, पण चारही चटके. "माझ्या नवऱ्याला चोर ठरवतेस आणि पत्रात चहाच्या गप्पा मारतेस? जे म्हणायचंय ते सरळ म्हण."

म्हणते.

मला शंका आहे की ज्यांचा निकाल चांगला लागला, त्यांचीच पोटं नवे क्रमांक लावून दोनदा मोजली जातायत. तसं झालं तर ही पद्धत आहे त्याहून चांगली दिसेल. तिच्या भरवशावर भावोजी आईला टेबलावर घेणार आहेत. जावयाने सासूचं ऑपरेशन करू नये, असं सगळे सांगून थकले, पण आईचं एकच: "परक्या माणसाला कशाला माझ्या पोटात डोकावू देऊ?" त्यावर अख्खं इस्पितळ हसलं तेव्हा मीही हसले होते. आता हसू येत नाही.

तू त्यांच्याबरोबर वीस वर्षं संसार केलायस. मला ते दर रविवारी जेवताना दिसतात. त्यांना हरायला आवडत नाही, हे तरी दोघींना ठाऊक आहे ना? पत्त्यांत डाव उलटला की पानं गोळा करून "चला, झोपा आता" म्हणणारा माणूस आहे तो. यावरून कुणी चोर ठरत नाही, मान्य. पण मी रात्रंदिवस हेच घोळवतेय. ते मला जिन्यात हसून "काय म्हणता?" विचारतात, आणि मी त्या हसण्यालाही एक ते पाच गुण द्यायला लागलेय.

आता पहिल्या पत्रात जे गिळलं, ते.

आईला नाही म्हणायला मीच सांगितलं.

तिने नाही म्हटलं त्याच्या आदल्या रविवारी तू भाजी आणायला खाली गेलीस, भावोजी आंघोळीला गेले होते. त्याआधी मी आईचा स्कॅन माझ्या पडद्यावर उघडून पाहिला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि तो उघडायचा मला अधिकारही नव्हता. कड्याला मी मनातल्या मनात चार गुण दिले. आईच्या पलंगावर बसून म्हटलं, "आई, नको करूस. तिथे अजून आहे."

"जावई तर म्हणतात, नाहीये."

"ते ऑपरेशन करणारे आहेत. ते 'नको' कशाला म्हणतील?"

तोंडातून गेलं ते गेलं. आई उशीचा अभ्रा ओढून सरळ करत बसली, तो आधीच सरळ होता. तू पिशवी घेऊन आत आलीस तेव्हा मी कोथिंबीर कशी ताजी आहे, यावर बोलत होते.

मला ठाऊक आहे, ऑपरेशन केलं नाही तर आईपाशी फार दिवस नाहीत. किमोनंतर ते करायची योग्य वेळही महिनाअखेर सरून जाईल. म्हणजे माझी शंका खरी असेल तर मी तिला वाचवलं, खोटी असेल तर मीच तिला मारतेय. मधलं काही नाही.

उद्या संशोधनाच्या नीतिसमितीच्या अध्यक्षबाईंना भेटणार आहे. भावोजींना सांगायचं असेल तर सांग. पण मला वाटतं, तू सांगणार नाहीस. का नाही, ते मी विचारत नाही.

अजूनही म्हणू देशील तर, तुझी
धाकटी


शनिवार, १६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र सावकाश वाच. जमलं तर बसून.

अध्यक्षबाई म्हणजे निवृत्तीला आलेल्या डॉक्टरीणबाई. ऐकायला कमी येतं, पण जे हळू बोलावं तेच नेमकं ऐकू येतं. मी दार लावून, घसा खाकरून सगळं सांगितलं. लोंबती जीभ, वाटाणा, कुरतडलेला मणका. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "तुमचा डोळा फार चांगला आहे हो. कामातून गेलात."

"म्हणजे?"

"ती पोटं मुद्दाम घातलीत. वाचक स्वतःशी तरी सहमत आहे का, ते बघायला. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर जुने गुण आठवून तेच दिले नसतेत का?"

ताई, ही रीत मला ठाऊक आहे. पूर्वीच्या एका कामात आम्हाला सांगून, वेगळं बसवून दुसऱ्यांदा वाचायला लावलं होतं. इथे न सांगता, मिसळून. समोर आलेली गोष्ट माझ्या धंद्यातली अगदी साधी होती आणि ती मला सुचली नाही. शंका एकदा ऐसपैस बसली की दुसऱ्या कुणाला टेकायला जागा देत नाही.

पहिला स्कॅन वाचला जाण्यापूर्वीच या योजनेला समितीची मान्यता होती. रोग्यांच्या मोजणीत ती पोटं एकदाच धरलीत. मी विचारलं, "हे सुचवलं कुणी?" बाई म्हणाल्या, "सर्जननीच. वाचकांत त्यांची मेहुणी आहे, घरच्या माणसाने झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून."

म्हणजे शंका त्यांनाही होती. माझ्यावर. त्यांनी ती चारचौघांत मांडली आणि तपासायची सोय केली. मी माझी घेऊन आईच्या पलंगावर बसले.

पुनरावृत्ती ओळखली म्हणून मी आता वाचक राहिले नाही. त्यामुळे आकडेशास्त्रींना माझे गुण मला दाखवायची परवानगी मिळाली. बिचाऱ्याने खुर्ची पुसून दिली. यकृताची जीभ असलेल्या त्या बाईंना मी पहिल्यांदा चार दिले होते. दुसऱ्यांदा दोन.

"आणि तुकडा?"

"वण. निव्वळ वण होता," तो चष्म्यातून खाली बघत म्हणाला.

त्या बाई अजून तपासणीला येतात, चालत. माझ्या पहिल्या गुणांवर त्यांचं ठरलं असतं तर आल्या नसत्या. ते चार मी कधी दिले, तेही बघितलं. आईचं निदान झालं त्याच आठवड्यात. त्या आठवड्यात मला प्रत्येकाच्या पोटात जिवंतच दिसत असावं. आईच्या कड्याला चार दिले तेव्हा तरी डोळे कुठे निवले होते?

आईचा स्कॅन मी परत उघडला नाही. अधिकार नाही, हे एक. आणि उघडून काय दिसणार? तिथे मला कडं दिसत नाही, आईच दिसते. दुसऱ्या वाचकाने, नाव झाकून, तो केव्हाच वाचलाय म्हणे, भावोजींच्या सांगण्यावरून. त्याने दोन दिले. दोन म्हणजे एक नव्हे, ताई.

गुरुवारी तू शाळेत असताना मी आईकडे येऊन गेले. हे सगळं तिला जसंच्या तसं सांगितलं. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे जावई चोर नाहीत?"

"नाहीत."

"आणि तुझा डोळा?"

"कधी चार म्हणतो, कधी दोन."

"वा! आणि माझ्या पोटाचा निकाल याच डोळ्याने लावलास होय गं भवाने?" मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि ती हसत होती. मग म्हणाली, "एक्स्चेंजवर असताना लोक दोन्हीकडून नुसतं हॅलो हॅलो ओरडायचे. लाइन चालू असायची, पण एकालाही दुसऱ्याचं ऐकायचं नसायचं. तुमचं तसं चाललंय, तेही माझ्या पोटावरून. त्यांना तोंडाने विचार की जे विचारायचं ते."

"तू काय ठरवलंस?"

"करायचं. नाही म्हटलं होतं ते तुझ्यासाठी. आता हो म्हणतेय ते माझ्यासाठी. पण हे त्यांना तू सांगायचंस. मी उगाच मधे लाइन जोडत बसणार नाही."

शंका पार गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. भावोजी चोर नाहीत, पण पत्त्यांचा डाव उलटल्यावरचा त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. पोट उघडल्यावर कडं जिवंत निघालं तर ते तिथेच हात थांबवतील? की आता इथवर आलोच आहोत तर, असं म्हणून सोलायला घेतील? मला हे त्यांच्या तोंडून ऐकायचंय. तू समोर असताना, आई समोर असताना. उद्या जेवायला येतेय, तेव्हाच विचारेन. त्यांना राग आला तर येऊ दे. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर असेन, आणि माझ्या शेजारची जागा तुझी. धरशील ना?

आकडेशास्त्रींचा मुलगा तुमच्या घरावरूनच क्लासला जातो. त्याच्या हाती हे पाठवतेय. शाळेत नाही, घरी. पाकिटावर नाव तुझं आहे, पण शनिवारी दार भावोजी उघडतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी फोडलं तर फोडू देत. आधीची दोन्ही पत्रंही त्यांना वाचायला दे. फाडून टाकली असं सांगू नकोस. तू वाचनालयवाली आहेस, साधं बिलसुद्धा तुझ्याने फाडवत नाही.

भावोजी, इथवर वाचलं असेल तर उद्या ताटं मांडण्याआधी माझ्याशी बोला. चहा मी करेन.

तुम्हा दोघांची,
धाकटी