चौकटीबाहेरचं पाणी

अण्णा, तुम्ही शिकवलेलं मी समुद्रावर वापरलं, आणि तेव्हापासून देवापुढं बसले तरी मन लागत न्हाई.

बदनापूरच्या तुमच्या फोटो स्टुडिओत मी दहावी होईपर्यंत शाळेनंतर बसायचे. एका सुट्टीत तुम्ही मला नदीच्या कोरड्या पात्रात नेलं, वेड्या बाभळीच्या जाळीपुढं उभं केलं आणि कॅमेरा हातात दिला. रिळात एकच फोटो उरला होता. मी अख्खी जाळी घ्यायला निघाले, तर तुम्ही कान धरलात. "सगळंच घेतलं तर दिसंल काय? एक फांदी धर, बाकीचं बाहेर काढ. हात न्हाई, पाय हलव. अन् बटण एकदाच दाबायचं." मी त्या जाळीभोवती फिरतेय, काटे परकराला अडकतायत, तुम्ही दगडावर बसून बिडी ओढताय. शेवटी एका वाळक्या फांदीवर रिकामं घरटं सापडलं. तो फोटो तुम्ही काउंटरच्या काचेखाली ठेवलात. तेवढं मोठं बक्षीस मला पुढं कुणी दिलं न्हाई.

आता मोबाईलमध्ये पाहिजे तेवढे फोटो निघतात, तरी मी एकदाच दाबते. मागच्या महिन्यात आम्ही दोघं कोकणात देवदर्शनाला गेल्तो. देवळामागं, खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या उंचवट्यावर केवड्याचं बन आहे. मुळ्या हवेतून खाली आलेल्या, पानांत पानं घुसलेली, वर वेली, खाली कुजक्या झावळ्या. बघूनच जीव गुदमरावा. ओली वाळू तुडवत आम्ही तिथं पोचलो आणि मी पाय हलवायला लागले. चौकटीतून आभाळ काढलं, झावळ्या काढल्या, डावीकडं चमकणारं पाणी काढलं. राहिली काळ्या मुळ्यांची कमान आणि तिच्यातून सरपटत आलेली एकच वेल, टोकाला जांभळं फूल. नेमकी त्यावर यांची सावली पडली.

"सरका की जरा मागं."

"अगं, झाडांचं लग्न लावून राह्यली का? किती सरकू?"

"अजून. तुम्ही दिसायचंच न्हाई."

ते हसत मागं गेले. फूल वाऱ्यानं हलत होतं, मी श्वास धरून थांबले. मुळ्यांवर खेकडे वर चढायला लागले. फोटोत तेही नको, म्हणून मी आणखी वाकले.

फोटो काढून वळले, तर आम्ही आलो ती वाट न्हाई. हे छातीएवढ्या पाण्यात, दोन्ही हात वर. भरतीचं पाणी असं मागून येतं, हे आम्हा जालन्याकडच्यांना काय ठाऊक! पलीकडं जाळं आवरणाऱ्या कोळ्यानं उडी घेतली, यांना दंडाला धरून ओढून काढलं, मंग मला बोलला, "बाय, नवरा बोंबलतोय, तुला ऐकू येत नाय?"

फोटो सगळ्यांना आवडला. मुलीनं मोठा करून तुमच्या तसबिरीशेजारी लावलाय. हे त्याच्याखालीच जेवायला बसतात, भिंतीकडं पाठ करून. आताशा मला त्या काळ्या कमानीत पाणी दिसतं, रोज थोडं वर चढलेलं.

हा कागद तुमच्या तसबिरीमागच्या पुठ्ठ्यात खोचून ठेवणार आहे. कोळ्याला मी सांगितलं, वाऱ्यात ऐकू आलं न्हाई. अण्णा, हाक दोनदा ऐकू आल्ती. फूल नुकतंच स्थिर झाल्तं.