तिसऱ्या वर्षाचा मोक्तेसुमा

सान बार्तोलो, १२ जुलै

लाडक्या फिदेन्सिओ,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मका उगवलाय, मागावरची सतरंजी अर्धी झालीय, आणि तुझी कुत्री पुन्हा गाभण आहे. फोनवर बोललं की बाबांच्या कानावर पडतं, म्हणून हे लिहून तिकडे निघालेल्या मावसभावाच्या हाती देतेय.

जत्रा छान झाली. मोलेचा रस्सा चार घरांना पुरून उरला. नाचही पूर्ण झाला. नाचातला राजा मोक्तेसुमा कोण झाला म्हणून विचारशील. सांगते, जरा दम धर.

बाबांची छाती बरी व्हावी म्हणून तू तीन वर्षं राजा होऊन नाचायचा नवस बोललास. दोन वर्षं नाचलास आणि लॉस एंजेलिसला गेलास. मी बोल लावत नाही रे. इथे राहून काय सतरंज्या खाल्ल्या असत्यास? पण बाबांनी मे महिन्यापासून एकच धोशा लावला होता, "फिदेन्सिओ येणार. तिसरं वर्ष त्याचंच." कागदांशिवाय गेलेला माणूस इकडे आला की पुन्हा तिकडे जाऊ शकत नाही, हे किती वेळा सांगायचं? म्हणायचे, "पुस्तकात आपला मेक्सिकोचा राजा कोर्तेसच्या स्पॅनिश फौजेपुढे हरतो. आपल्या देवळापुढे तो परत उठून नाचतो. मग माझा पोरगा का नाही येणार?"

त्यांची नजर फारच अधू झालीय. म्हणून पंचांनीच मार्ग काढला. तुझा पिसांचा मुकुट शेजारच्या निसेफोरोच्या डोक्यावर चढवायचा आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही. मीही हो म्हटलं.

बाबांना खुर्चीसकट देवळाच्या अंगणात नेलं. बँड सुरू झाला. निसेफोरो एकीकडे, मुकुट दुसरीकडे! त्याचा बाप कोर्तेस झालेला, दाढी चिकटवून. तो पोराला दबक्या आवाजात दटावतोय, "नीट उडी मार, गाढवा, राजा आहेस तू!" मला हसू आवरेना. बाबा मात्र हसत नव्हते. ते पायांच्या आवाजाकडे कान लावून बसले होते. तुला पाय टाकायला त्यांनीच शिकवलं, हे आम्ही सगळे कसे विसरलो, देव जाणे.

नाच संपल्यावर रिवाजाप्रमाणे राजा म्हाताऱ्यांपुढे आशीर्वादाला वाकला. बाबांनी त्याच्या गालावरून हात फिरवला, कपाळावर क्रूस काढला आणि हळूच म्हणाले, "छान नाचलास, पोरा. आता घरी जा. तुझा बाप इथेच उभा आहे."

निसेफोरो तिथेच रडायला लागला. मीसुद्धा.

त्या दिवसापासून बाबांनी तुझं नाव काढलेलं नाही. जेवतात, औषध घेतात. तू गेल्यापासून दाराला कडी लावू देत नव्हते ना, आता स्वतः उठून लावतात. परवा तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं, झोपलेत. जागे होते रे.

ये म्हणून लिहावं, तर तिकडची तुझी बायको आणि चिमुरडी उघड्यावर पडतात. येऊ नकोस लिहायला हात धजत नाही. मी काय करू, तूच सांग.

फोन ठेवण्याआधी बाबा दर वेळी तुला आशीर्वाद द्यायचे. आज हे लिहिताना त्यांना विचारलं, "तुमच्याकडून काय लिहू?" खिडकीकडे बघत म्हणाले, "आशीर्वाद? दिला ना त्या दिवशी."

तेव्हा या खेपेला नुसता माझाच घे.

तुझी ताई,
एलेउतेरिया