केळीच्या चिकाची शाई

शुक्रवार, संध्याकाळ. चोपडा.

जिंकलो! दरवर्षी आमच्या शाळेचं मंत्रिमंडळ मुख्याध्यापक सरच ठरवायचे. यंदा माझ्या हट्टाने मतदान झालं, मुलांचं आणि शिक्षकांचंही. "बोटाला शाई कुठून आणणार, मॅडम?" सर हसले होते. चौथीतल्या कविताने मळ्यातून केळीचा चीक आणला. सकाळी लावला, दुपारपर्यंत सगळ्यांची बोटं काळी!

सरांनीही सकाळीच मत दिलेलं. तरी दुपारी पुन्हा रांगेत. मुलांची परीक्षा म्हणे! मी यादीत डोकं घातलं. का? भीतीच, दुसरं काय. पण बोटांना चीक लावत बसलेली कविता टेबलामागून उठली. "सर, बोट दखाडा. काळं शे. तुमनं मत व्हई गयं."

सर रांगेतून बाहेर!

भाकरी थापताना माझंही बोट काळंच. यांनी साबण पुढे केला. म्हटलं, राहू द्या. हा चीक कविताने लावलाय.