रकाना अकरा

३ फेब्रुवारी १९९५, शुक्रवार

फॉर्म आला! म्हणजे पोस्टानं नाही, धनश्रीनं आणला. वडवणीच्या शाळेत विज्ञान शिकवते ती, एम.एस्सी.ला आम्ही एकाच बाकावर. एसटी चौसाळ्यात दोन मिनिटं थांबली, तेवढ्यात खिडकीतून हातात कोंबला. "रुद्राणे, भर बरं का! तुझ्यासाठीच हाय हे!" गाडी गेली पण.

पुण्यातलं 'स्त्री-वैज्ञानिक साह्य मंडळ' आहे कुठलं तरी. संशोधन अर्धवट सोडलेल्या बायकांना दोन वर्षं विद्यावेतन देतात आणि पुन्हा प्रयोगशाळेत बसवतात म्हणे. वय पस्तिशीच्या आत. मला मार्चच्या अकराला पस्तीस पूर्ण होतात! म्हणजे हीच वेळ, पुन्हा नाही. अर्ज अठ्ठावीसच्या आत पोचायला हवा.

आनंद झाला का धडकी भरली, कळेना. आमच्या एसटीडी बूथवर बसून दिवसभर लोकांना चुकीचे नंबर लावून दिले.

५ फेब्रुवारी, रविवार

दहा रकाने भराभर भरले. अकराव्याशी गाडी अडली. 'संशोधनात खंड पडण्याचे कारण. सविस्तर लिहावे.' खाली सहा ओळी मोकळ्या.

यांना विचारलं. हे दुकानात साखरेच्या पुड्या बांधत होते. "लिही की लग्न. त्यात काय एवढं?"

पण लग्नानंतर हेच म्हणाले होते, औरंगाबादला खोली बघू, पुरं कर. नको मीच म्हटलं! मग लग्न कसं लिहू? वर्षाराणी म्हणावं तर ती दोन वर्षांनी झाली. खामखा लेकराच्या डोक्यावर कशाला घालायचं?

६ फेब्रुवारी, सोमवार

"कावून तोंड पाडून बसलीस?" सासूबाईंनी विचारलं. सांगून टाकलं. भाकरी थापता थापता थांबल्या, म्हणाल्या, "माजं नाव लिही. सासूनं शिकू दिलं न्हाई, लई छळलं, आसं लिही. त्या पुण्याच्या बायांला लगेच पटंल."

मी हसले. त्या नाही हसल्या. "मला कोण बगाया येतंय हितं? तुजं काम हुऊ दे."

आणि हीच बाई सात वर्षांमागं तान्ह्या वर्षाराणीला मांडीवर घेऊन म्हणाली होती, लेकरू मी बगते, तू जा तुज्या कॉलेजात. तिचं नाव लिहू? हात झडेल माझा! माजघरात जाऊन रडले. कशासाठी रडले तेही धड सांगता येणार नाही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

बाहेर निवडणुकीच्या जीपगाड्यांचे भोंगे. डोकं उठलंय. लिहूनच टाकते — ही वही कोण वाचतंय!

नऊ वर्षांपूर्वी. विद्यापीठात माझ्या गाइड सरांचा विषय होता रुईच्या पानांचा रस. ज्वारीचं बी त्यात भिजवलं की उगवण वाढते, असं सरांचं ठाम म्हणणं. मी पन्नास दाणे साध्या पाण्यात ठेवले, पन्नास रसात. पाण्यातले चव्वेचाळीस उगवले. रसातले सतरा. सतराच! सर सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रयोगाला हात लागतो, बाई. तुमचा हात भाकरीचा." सगळे हसले. पुन्हा करते म्हणाले आणि केलंच नाही. वहीत सतरा खोडले, सत्तेचाळीस लिहिले.

सर खूश! लेख छापून आला, माझ्या नावासकट. लोक अभिनंदन करायला लागले आणि मला प्रयोगशाळेची पायरी चढवेना. तेवढ्यात हे स्थळ आलं. न बघताच हो म्हटलं. घरी सगळे म्हणाले, पोरगी किती समजूतदार!

आता हे सहा ओळींत लिहू?

१० फेब्रुवारी

पुण्याला फोन केला. मंडळाच्या बाई गोड बोलल्या. विचारलं, छापील लेख जोडलाच पाहिजे का? "अहो, तोच तर पुरावा!" झालं! जोडावा तर तेच खोटं पुन्हा. न जोडावा तर बसा घरी पुड्या बांधत.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंनी मटकी फडक्यात बांधून खुंटीला टांगली, आणि माझ्या डोक्यात आलं — करून बघू! मोडच आणायचे ना? ज्वारी घरची. रुई तर एसटी थांब्यामागं रानासारखी माजलीय.

पन्नास दाणे पाण्याच्या फडक्यात, पन्नास रुईच्या. "मारुतीला घालायची सोडून घरात कशापायी आणलीस गं? चीक डोळ्यात जाईल!" सासूबाई ओरडत होत्या. ओरडू दे.

एकच मागणं आहे. सत्तेचाळीस येऊ देत! तेवढे आले की माझं खोटं खरं होईल, लेख जोडीन, सुटेन.

१८ फेब्रुवारी, शनिवार

पाण्यातले पंचेचाळीस. रुईतले अठरा.

भाकरीचाच हात! नऊ वर्षांत काडीचा सुधारला नाही. वर्षाराणी नुसतं "काय करतीस?" म्हणाली तर तिच्यावर खेकसले. हे म्हणाले, "तुला किती पायजे होते?" सांगवेना. आणि नंतर मलाच प्रश्न पडला — किती पाहिजेत ते आधी ठरवून मोजत होते का मी? तेव्हाही? डोक्याचा पार भुगा झालाय.

१९ फेब्रुवारी

सासूबाईंना म्हटलं, आत्या, आता तुमी करा. पाला कुटण्यापासून मोजण्यापर्यंत सगळं तुमच्या हातानं. मी शिवणार नाही. किती यावेत, तेही सांगितलं नाही.

"करते की. मोड आणायला काय कॉलेज लागतंय का?"

२१ फेब्रुवारी

चार वेळा फडक्याजवळ जाऊन परत आले. हात पाठीमागं बांधून! फॉर्म उशीखाली. अकरावा कोराच.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाई विसांनी मोजतात. पाण्याचं फडकं सोडलं — "दोन ईस आन चार." मग रुईचं. सावकाश, एकेक दाणा बाजूला करत. "ईसाला तीन कमी." आणि घाबरून माझ्याकडं बघितलं. "कमी पडले का गं? माजं काय चुकलं का?"

न्हाई आत्या! सतराच हायेत. बरोबर हायेत. पहिल्या दिवसापासून बरोबर होते!

रकाना अकरा भरला. 'खरा आकडा खोडून खोटा लिहिला, म्हणून.' एकच ओळ, पाच मोकळ्याच ठेवल्या. छापील लेख जोडला नाही, त्याऐवजी आजच्या मोजणीचं पान जोडलं. अर्ज ठेवतील का फेकतील, देव जाणे.

माजं नाव लिही म्हणाल्या होत्या ना? लिहिलं. पानाच्या तळाशी — 'मोजणार : गंगासागरबाई, चौसाळा.'