सुवर्णा म्हणली, औंदा नको

सुवर्णे,

हे तुला पाठवणार न्हाई, म्हणून खरं लिहिते. गेल्या साली नर्सिंगला आपण दोघींनी संगंच नाव दिलतं. ऐन वेळी मला टीबी झाला अन् तू एकटीच बीडला गेलीस.

काल पांढऱ्या ड्रेसात घरी आलीस, माझी नाडी बघून आईला म्हणलीस, "अजून लई अशक्त हाय. औंदा नको." वाटलं, तुझा ड्रेस ओरबाडावा. जिना चढताना मला धाप लागते, हे खरंय. पण गोळ्यांचा कोर्स पुरा झालाय, डॉक्टरनं कॉलेजात जा म्हणून सांगितलंय.

आज अण्णांना म्हणलं, "सोमवारी मला कॉलेजात सोडा."

"सुवर्णा नको म्हणली ना?"

"सुवर्णा डॉक्टर न्हाई."

तिथं तू सीनियर. तुला मॅडम म्हणावं लागंल, या विचारानंच जळते. तरी बॅग भरली.

तुझी चुलतबहीण,
उज्ज्वला