मंगलाष्टकं : कारणे, परिणाम आणि उपाय

३ एप्रिल
आज घरात इतिहास घडला. नात रुचिराचं लग्न एसी हॉलमध्ये होणार नाही. आमच्या मुलुंडच्या सोसायटीमागच्या पटांगणात, रेन ट्रीच्या सावलीत होणार. हर्षदनं (चिरंजीव, वधूपिता) घाटकोपरचा हॉल फोन करून सोडला.
मी फक्त एवढंच म्हणालो, की एका हॉलच्या एसीनं पृथ्वीचं तापमान... पुढचा आकडा आठवेना. मग शाळेत पाठ केलेल्या कवितांतली आमराई सांगितली. आवाज आपोआप ओला झाला. रुचिरा माझ्याकडे बघत राहिली, मग बापाला म्हणाली, बाबा, आजोबा म्हणतात तसं करूया ना. आणि मला म्हणाली, पण आजोबा, त्या दिवशी मला घाम नकोय हां. मी शब्द दिला.
वसुधेनं विचारलं, लग्न मे महिन्यात आहे, लक्षात आहे ना? आहे. आमचंही मे महिन्यातच झालं, मालवणला, झावळ्यांच्या मांडवात. कुणाला घाम आल्याचं आठवत नाही. ती म्हणाली, तुम्हाला कसं आठवेल, शालू माझ्या अंगावर होता.

५ एप्रिल, पहाटे
संकल्प: मंगलाष्टकं मीच रचणार. विषय, जागतिक तापमानवाढ. तीन कडवी कारणांची, दोन परिणामांची, तीन उपायांची. शाळेत निबंध याच क्रमानं लिहायचो आणि पहिला यायचो (एकदा). वृत्त शार्दूलविक्रीडित. हातात अक्षता घेऊन उभा असलेला, जागचा हलू न शकणारा असा श्रोता जगात दुसरीकडे कुठे मिळेल? शिवाय शेवटी 'सावधान' आहेच. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.

९ एप्रिल
पहिली ओळ उतरली:
गाड्या, कारखने धुरात बुडले, आकाश झाले खुळे
'कारखाने' बसेना म्हणून 'कारखने'. कवीला एवढी सूट असते. मरोळच्या कारखान्यात हयातभर स्टोअरकीपर होतो, त्यामुळे ओळीला अनुभवाचं वजन आहे.

१७ एप्रिल
झावळ्यांचा मांडव रद्द. आग लागेल म्हणून सोसायटीचा नकार. मांडववाला चंदर म्हणाला, काका, झावळ्या आता फक्त रिसॉर्टवाले लावतात, त्यापण प्लास्टिकच्या. तो कापड लावणार. कापड म्हणजे पॉलिएस्टर. असो. सावलीला झाड आहे. काळजी नाही.

२२ एप्रिल
परिणामांची कडवी तयार. पाचव्यात समुद्र वाढतो आणि मनोरी पाण्याखाली जाते. फार हृद्य झालंय.
हर्षदनं वाचलं आणि डोक्याला हात लावला. अहो, नवरामुलगा ओजस मनोरीचा आहे. व्याह्यांचं गाव बुडवताय तुम्ही, तेपण ऐन मुहूर्तावर! म्हटलं, मग माहुल बुडवतो. बसवून पाहिलं. वृत्तात 'मनोरी'च बसतं. माझा नाइलाज आहे.

३० एप्रिल
उकाडा. दुपारभर लाइट नव्हती. फोनवर तापमान पस्तीस दाखवतात आणि खाली लिहितात, जाणवतं पंचेचाळीस. जाणवणं हा मनाचा भाग आहे.
रुचिरा ऑफिसातून आली ती पंख्याखाली जमिनीवरच आडवी झाली. आजोबा, नक्की ना? म्हटलं, झाडाखाली जाऊन बघ, चार अंश कमी असतं. ती खरंच जाऊन आली. म्हणाली, हो, बरं वाटतं. मला भरून आलं.

६ मे
झाड छाटलं.
दूध घेऊन परतलो तर पटांगणात करवतीचा आवाज. पावसाळ्याआधीची छाटणी म्हणे. मी खाली उभा राहून वृक्षावरची शाळेतली एक आख्खी कविता म्हणून दाखवली. वर बसलेल्या माणसानं मशीन बंद करून शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, झालं काका? आता बाजूला व्हा, फांदी डोक्यात पडेल.
उरलंय ते कापड उडून गेलेल्या छत्रीसारखं आहे. दांडा आणि तारा.
तरी वसंत अजून सरलेला नाही. पालवी फुटू शकते. रोज दोन बादल्या घालणार.

१० मे
पालवी नाही. बादल्यांवरून सेक्रेटरी बोलला.
घाटकोपरच्या हॉलला फोन केला, सहज, चौकशी म्हणून. गेला. मग मुलुंड, भांडुप, अंधेरी, थेट बोरिवलीपर्यंत केले, बाथरूममध्ये नळ सोडून, घरात ऐकू जाऊ नये म्हणून. एकानं विचारलं, मे म्हणजे कुठल्या वर्षीचा?
बाहेर आलो तर वसुधा दाराशी टॉवेल घेऊन उभी. सगळं ऐकलं होतं. तिनं टोमणा न मारणं हे मला पहिल्यांदाच इतकं भयंकर वाटलं.

१२ मे
चंदर चार मोठे कूलर देतोय. एक लावून दाखवला. समोर उभं राहिलं की इडलीपात्राचं झाकण उघडल्यासारखं वाटतं. कूलरला वीज पुरत नाही म्हणून जनरेटर. जनरेटरला डिझेल.
तात्पुरती तडजोड. डिझेलच्या बदल्यात रोपं लावीन. कुठे, ते नंतर बघू.

१६ मे
सकाळी रुचिरा माझ्या कॉटवर येऊन बसली. लहानपणी बसायची तशी, पाय वर घेऊन. रडलेली दिसत होती. म्हणाली, मी रागावले नाहीये आजोबा. हॉल सोडूया असं मीच म्हटलं होतं. फक्त मंगलाष्टकं जरा आटपा ना. ओजसच्या आईला बीपी आहे. दोन कडवी पुरेत.
बघतो म्हणालो. नंतर विचार केला. कारणं आणि परिणाम सांगायचे आणि उपाय गाळायचे, तर लोकांना निराश करून घरी पाठवल्यासारखं होईल, तेही लग्नातून. मध्यम मार्ग काढला. आठही म्हणणार, पण भरभर.

१८ मे, संध्याकाळ
झालं.
मुहूर्त बारा छत्तीसचा. त्याच्या कितीतरी आधीपासून पॉलिएस्टरखाली माणसं शिजत होती. जनरेटर तापला आणि बंद पडला. कूलर बंद, माइक बंद. मनोरीचं वऱ्हाड बोट उतरून एसी बसनं आलं होतं. ती बस गेटपाशी उभी होती. मी रुचिराच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गाता आलं नसतं.
अंतरपाट धरला. मी डोळे मिटले. डोळे मिटल्याशिवाय मला चाल सापडत नाही. कारणं खणखणीत झाली. चौथ्याला कुजबुज ऐकू आली, ती मी दाद समजलो. पाचव्यात मनोरी बुडाली आणि कुणीतरी ओरडलं, खुर्ची पडली. वाटलं, शब्द भिडला. हर्षदनं खांदा हलवला. मी हातानंच त्याला थांब म्हटलं. आणि सहाव्यापासून अशी शांतता पसरली, की आयुष्यात मला इतकं मन लावून कुणी ऐकलेलं नाही. मग भरभर कशाला? संथ लयीत म्हटली. शेवटचं 'सावधान' तर असं लागलं की अंगावर काटा आला.
अक्षता उधळून डोळे उघडले. अक्षता रिकाम्या खुर्च्यांवर पडल्या.
चंदर कूलरची वायर गुंडाळत होता. म्हणाला, काका, लग्न लागलं. बसमध्ये.
पाचव्या कडव्याला ओजसच्या आईला भोवळ आली. ओजसनं तिला उचलून बसमध्ये नेलं, त्याच्यामागे शालू सावरत रुचिरा पळाली, तिच्यामागे सगळेच. मुहूर्त टळत होता. भटजींनी दोन सीटच्या मध्ये अंतरपाट धरायला लावला आणि उरकलं.
म्हणजे कारणं सगळ्यांनी ऐकली. परिणाम सगळ्यांनी भोगले. उपायांना एकटा चंदर होता.
बसपाशी गेलो. दार ढकललं. आत रुचिरा, गळ्यात हार, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. व्याहीणबाई लिंबू सरबत पीत चक्क हसत होत्या. रुचिरा म्हणाली, आजोबा, आत या आणि दार लावा पटकन, गार हवा जातेय सगळी.
चढलो. दार लावलं. दोघं पाया पडली. डोक्यांवर हात ठेवला.
वसुधेनं सरकून जागा दिली. तेवढ्यात व्याहीणबाईच म्हणाल्या, अहो आजोबा, तुमची पुढची कडवी राहिली ना ऐकायची? म्हणा की आता. इथे बरं आहे, सगळे बसलेत पण. मागून दोघंतिघं म्हणाले, हां, हां, होऊ दे. रुचिरानं सगळ्यांना गप्प केलं. आख्खी बस माझ्याकडे मायेनं बघत होती. मानेवर वरून गार झोत येत होता. बरं वाटत होतं. खोटं का लिहू.
सहाव्या कडव्याची पहिली ओळ, उभ्या गाडीचं इंजिन बंद करा, अशी आहे.
ते पायाखाली घुरघुरत होतं.
म्हटलं, पाठ नाहीत.